वडवणीहून थेट

इंटरनेटची जोडणी विकणाऱ्या पोर्टलशी घासाघीस करता येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि माझं डोकं फिरलं. समोर माणूस असता तर मी त्याला चहा पाजला असता, पाऊसपाण्याच्या चार गोष्टी केल्या असत्या, मग उठून जायचं नाटक केलं असतं आणि तो परत हाक मारेपर्यंत दारात चप्पल शोधत राहिलो असतो. पोर्टलला दार नसतं. स्क्रीनवर शहरांची यादी, शहराखाली डेटा सेंटर, त्याखाली पोर्टचा, म्हणजे आपली वायर जिथं खोचायची त्या जागेचा वेग, बाजूला दर आणि सगळ्यात खाली एक निळं बटण. मी पोर्टलवाल्या कंपनीला फोन लावून विचारलं, "यात कमीजास्त काय होईल?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, स्क्रीनवर दिसतोय तोच दर आहे."

"ताई, मोसंबीच्या ढिगावरबी पाटी असती. पाटीच्या भावानं कुणी घेत असतं का?"

ती हसली. दर हलला नाही. मी निळं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला वस्तू घेतली, ती ही.

मी फळवाल्याचा मुलगा. अब्बांचा गाडा वडवणीच्या बस स्टँडसमोर असायचा आणि भाव करणं मी शाळेच्या आधी शिकलो. पुढं शिडी खांद्यावर घेऊन केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या. टीव्हीचे दिवस ओसरायला लागले तसं फायबर टाकलं, इंटरनेटचं लायसन काढलं, इंटरनेटवर आपली ओळख म्हणून जो नंबर लागतो तो आणि पत्त्यांचा एक छोटा गठ्ठा स्वतःच्या नावावर करून घेतला. यातलं कुणी हातात आणून दिलं नाही. वडवणी आणि आजूबाजूच्या गावांत जे इंटरनेट चालतं ते माझ्या खांबांवरून चालतं. पण खांबांपर्यंत ते यायचं कुठून, तर बीडच्या एका मोठ्या ऑपरेटरकडून. जिल्ह्यातले आम्ही सगळे छोटे ऑपरेटर त्याला शेठ म्हणायचो. इथंही शेठच म्हणतो.

शेठवरचा राग कुठून आला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. शेठनं एकदा आम्हा सगळ्यांना बीडला ऑफिसात बोलावलं. पोहे आले, चहा आला. मग त्यानं सांगितलं की चालू करार संपला की नवीन पद्धत. दुकानावर पाटी त्याची, बिल त्याच्या नावाचं, गिऱ्हाईक त्याचं. आम्ही वायरी सांभाळायच्या आणि कमिशन घ्यायचं. ज्याला मान्य नाही त्याची लाइन करार संपेल त्या दिवशी बंद.

मी म्हणालो, "शेठ, खांब माझे, फायबर माझं, गिऱ्हाईक मी दारोदार फिरून जोडलेलं. मग नाव तुमचं कावून?"

त्यानं मोबाइलवरून मान वर केली नाही. "तू वायर ओढतो बे. इंटरनेट मी देतो. उद्या मी बंद केलं तर तुझ्या वायरीवर कपडे वाळू घाल."

सगळे हसले. शेठ बोलला त्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तलवाड्याचा एक ऑपरेटर बसला होता. घरचं हार्डवेअरचं दुकान, कपाळावर भस्म, वयानं माझ्याहून मोठा. त्याला आम्ही अप्पा म्हणतो. तोही हसला. मी चहा तसाच ठेवून बाहेर पडलो. वडवणीपर्यंतच्या रस्त्यात मी शेठला जी उत्तरं दिली ती सगळी हेल्मेटच्या आत राहिली.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारीचा फोन तिच्याकडे असतो, त्यामुळे माझ्या नेटवर्कची नाडी तिला माझ्या आधी कळते. मी म्हणालो की आता पिअरिंग करायचं. तिनं विचारलं, हे काय नवीन? मी म्हणालो, "समज, बागवाला आहे आणि आपला गाडा आहे. मध्ये अडत्या बसलेला. फळ बागेतून त्याच्याकडे, त्याच्याकडून आपल्याकडे. भाव तो ठरवणार, सडकं पण तोच देणार. आता असं एक मैदान आहे जिथं बागवाले स्वतः येऊन बसतात. आपण तिथपर्यंत आपला रस्ता नेला, की समोरासमोर देवाणघेवाण. व्हिडिओवाले, फोटोवाले, सगळे त्या मैदानात आहेत. त्याला एक्सचेंज म्हणतात."

"म्हणजे अडत्या काढायचा."

"हो."

"आणि अडत्या गप बसंल?"

मी उठून कामाला लागलो.

एका कंपनीचं फायबर हायवेच्या कडेनं पुण्याकडे जातं. त्यांच्याकडून वडवणी ते पुण्याचं डेटा सेंटर अशी लाइन घेतली. तिथं माणूस होता. त्या माणसाशी मी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "भाई, आता माझी नोकरी घेता का?" तेव्हा मला बरं वाटलं. पुण्यातला पोर्ट पोर्टलवरून घेतला, आणि त्या पोर्टवरून दोन जोडण्या: एक एक्सचेंजची, दुसरी उरलेल्या जगासाठी विकतच्या इंटरनेटची. प्रत्येक जोडणी आधी पिवळी दिसते आणि सगळं जुळलं की हिरवी होते. मी दुकानात बसून ते पान सारखं ताजं करत राहायचो. बायको म्हणायची, "अजी, दूध ठेवलंय का गॅसवर? नजर हलवत नाही तुम्ही."

हिरवं झालं. आता पिअरिंगच्या विनंत्या पाठवायच्या. पोर्टलवर नेटवर्कांची यादी असते. ज्याच्याशी जोडायचं त्याच्या नावापुढे बटण दाबायचं, आपला नंबर टाकायचा, चार ओळी लिहायच्या. छोट्यामोठ्या नेटवर्कांनी लगेच होकार दिला. फुकट. पैसा नाही, अट नाही. मला ते सहन होईना. फुकट देणारा माणूस मी बाजारात पाहिला होता, आणि त्याच्या मालाखाली काय असतं तेही पाहिलं होतं. मी दोन दिवस त्यांच्या होकारात खोट शोधत होतो. खोट नव्हती. त्यांचा माल माझ्याकडे सरळ आला तर त्यांचाही खर्च वाचतो, एवढाच हिशेब होता.

पण जो मला सगळ्यात जास्त हवा होता, तो व्हिडिओचा मोठा बागवाला, त्याचं उत्तर आलं की तुमची डेटाची वाहतूक आमच्या किमान मर्यादेपेक्षा कमी आहे. नकार. ना माणसाची सही, ना फोन नंबर. संध्याकाळी वडवणीत निम्म्याहून जास्त घरं व्हिडिओच बघतात. तो जोडला गेला नाही तर ते सगळं विकतच्या लाइनवरून आणावं लागणार आणि तेवढी मोठी लाइन मला परवडणार नव्हती. म्हणजे करार संपला की लाइन चालेल, पण रांगत चालेल. रांगणाऱ्या इंटरनेटवर गिऱ्हाईक आठवडाभर राहत नाही.

आणि इथं मी जे केलं ते फक्त गाड्यावर वाढलेला माणूसच करू शकतो.

आमच्या बाजारात गिऱ्हाइकानं सीताफळ मागितलं आणि आपल्याकडे नसलं, तर नाही म्हणत नाहीत. "हाय ना, बसा की," म्हणायचं आणि शेजारच्या गाड्यावरून आणून द्यायचं. गिऱ्हाईक हलत नाही, शेजाऱ्याचं फळ खपतं, कुणाचं वाईट होत नाही. मोठा दिसायचं असेल तर गाडा भरलेला दिसला पाहिजे, हे माझ्या हाडात होतं. पिअरिंगमध्ये तुम्ही समोरच्याला सांगता की अमुक पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्याकडे आहे. माझ्या राउटरवर शेठची लाइन अजून चालू होती. तिच्यावरून आलेले सगळे रस्ते, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे, बीडपासून तलवाड्यापर्यंत, माझ्या पुढ्यात पडलेले होते. मी विचार केला, छोटा म्हणून नाकारता ना, मग बघा. मी सगळेच्या सगळे रस्ते एक्सचेंजवर माझ्या नावानं मांडले.

थोडा वेळ तर बहार आली. पोर्टलवरच्या वाहतुकीच्या आलेखाची रेघ अशी वर गेली की मी टेबलावर हात आपटला. मग बायको फोन घेऊन आली. "वडवणीत काहीच उघडत नाही म्हणतायत." पाठोपाठ दुसरा फोन, तिसरा. मी स्क्रीनकडे बघतो तर एकेक हिरवी जोडणी तांबडी होत चाललेली. अर्ध्या जिल्ह्याकडे जाणारा माल, वडवणीतून रस्ता आहे असं समजून माझ्या अंगावर आला होता आणि माझ्या लाइनीत मावत नव्हता. ज्यांनी खोटे रस्ते अडवणारी गाळणी लावली होती त्यांनी मला त्याच मिनिटाला तोडलं. शेवटी पोर्टवरच कुलूप पडलं. पोर्टलवर लिहून आलं, पोर्ट वेगळा काढला आहे.

एक्सचेंजच्या इंजिनिअर मॅडमचा पुण्याहून फोन आला. आवाज शांत होता, त्यामुळे माझा आणखी चढला.

"सर, तुम्ही दुसऱ्याचे रूट जाहीर करताय."

"मॅडम, रस्ता आहे माझ्याकडं. तिकडं माल पोहोचतो. मग न्हाई कसं म्हणू?"

"पोहोचतो, पण तो रस्ता तुमचा नाही. ज्यांचे पत्ते आहेत त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?"

"सांगायचं काय त्यात? माझ्यामुळं त्यांचं चांगलंच होईल की."

"चांगलं झालं का आत्ता?"

समोर स्क्रीनवर सगळं तांबडं होतं.

"सर, इथं लोक एकमेकांना बघत नाहीत. तुम्ही जे मांडता त्यावर विश्वास ठेवून माल पाठवतात. जे तुमचं आहे आणि ज्याची तुम्हाला परवानगी आहे, तेवढंच मांडा. फिल्टर लावा, मला दाखवा, मी पोर्ट उघडते."

मी तणतणत फोन ठेवला. पण तिचं बोलणं खोडून काढता येईना. गाड्यावर गिऱ्हाईक फळ हातात घेऊन बघतो, दाबतो, वास घेतो. इथं कुणी काही बघत नाही. शब्दावर गाडी भरून पाठवतात.

पाठोपाठ शेठचा फोन आला. "काय बे, माझा माल तुझ्या गाड्यावर? लई मोठा झाला का? आता करार संपायची वाटच बघतो मी. त्या दिवशी वडवणी अंधारात गेली की सगळ्यांना दाखवीन." मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर मोटारसायकल थांबली. तलवाड्याचे अप्पा. भस्म घामानं पसरलेलं, तोंड लाल.

"तुझ्यामुळं काल माझं तलवाडं बंद पडलं की रे! दुकानात बसून शिव्या खाल्ल्या मी. तुझ्या भानगडीत माझे पत्ते कावून ओढले?"

मीही उठलो. "आणि शेठच्या ऑफिसात मला बोलला तवा तुमी हसला कावून?"

"हसलो! पोहे त्याचे खात होतो, रडत बसू का?"

बायको आतून म्हणाली, "दोघं भांडा, पण दारात नको. गिऱ्हाईक आत येईना."

अप्पा आत येऊन बसले. पाणी प्यायले. पंख्याखाली जरा थंड झाले आणि मग, बघत इकडं तिकडं, हळूच म्हणाले, "पण मला एक सांग. माझे पत्ते तिकडं खरंच दिसले? शेठला न विचारता?"

"दिसले."

"त्याला मधी न घेता माल तलवाड्याला येऊ शकतो?"

"रीतसर केलं तर येतो. तुमचे पत्ते तुमच्या नावावर हायत, शेठच्या न्हाई."

अप्पा बोटांवर हिशेब करायला लागले. मी ओळखलं. शेठच्या नव्या अटी त्यांनाही टोचत होत्या; फक्त त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात दुसरं गणित फिरायला लागलं. वडवणी आणि तलवाडा एकत्र झाले तर तो व्हिडिओवाला मला छोटा म्हणू शकणार नाही. सौदा समोर दिसला की माझ्या तोंडातून जुन्या सवयीनं पहिला भाव चढाच निघतो. मी म्हणालो, "जोडतो तुम्हाला. पण बिल माझ्या नावानं, आणि गावात पाटी माझी."

अप्पा उठले आणि चप्पल शोधायला लागले.

हे नाटक माझ्या ओळखीचं होतं. मी त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं. पण अप्पांनी चप्पल घातली, गाडीला किल्ली लावली आणि मागं वळून बघितलं नाही. ते नाटक नव्हतं.

बायकोनं फोन खाली ठेवला. "शेठनं तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तू मध्ये पडू नको."

"पाटी त्याची, बिल त्याचं. तेच ना? मग राग कशाचा आला होता? शेठ होता आलं नाही त्याचा?"

मला असा संताप आला की मी हातातला पेचकस भिंतीवर फेकला. मग चप्पल न घालताच रस्त्यावर धावलो. अप्पांची गाडी कोपऱ्यावर बैलगाडीमागं अडकली होती म्हणून सापडले.

"अप्पा, थांबा. नाव तुमचं, बिल तुमचं, गिऱ्हाईक तुमचं. तलवाड्यापासून इथवर फायबर तुमी आणायचं, पुण्याच्या लाइनीचा खर्च वापराप्रमाणं वाटून. आणि तुमच्या परवानगीशिवाय तुमचा एक पत्ता मी हलवणार न्हाई."

अप्पांनी गाडी बंद केली नाही. "आणि पोर्टलचा पासवर्ड?"

"कावून?"

"तू उद्या तापला आणि मला बंद केलं तर? मलाबी बघता आलं पाहिजे."

माझं तोंड कडू झालं. आपल्या तिजोरीची दुसरी किल्ली कोण देतो? पण माणसाचं खरं होतं. मी तापतो. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी हो म्हणालो. पोर्टलवर त्यांच्या नावानं वेगळा प्रवेश काढून दिला. बदल केला की दोघांना कळतं. माझ्या हयातीतला सगळ्यात वाईट सौदा, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

अप्पांनी त्यांच्या पत्त्यांची परवानगी एक्सचेंजला मेल केली. मी फिल्टर लिहिला: माझे पत्ते, अप्पांचे पत्ते, बाकी काही नाही. गाडा अगदी रिकामा दिसत होता. मॅडमनी तपासला. "छान. आता कुणी तुम्हाला तोडणार नाही," म्हणाल्या आणि पोर्ट उघडला. ज्यांनी तोडलं होतं त्यांना एकेकाला लिहिलं. काहींनी त्याच दिवशी परत जोडलं, काहींनी ताटकळत ठेवलं. तोवर अप्पांनी गेवराई तालुक्यातल्या शेतांच्या बांधांवरून इकडं फायबर ओढायला माणसं लावली. कुठं शेतकरी अडवायचा, कुठं खड्डा खणताना पाण्याची पाइप फुटायची. अप्पा रोज फोनवर ओरडायचे, मी रोज फोनवर ओरडायचो. काम थांबलं नाही.

तलवाडा जोडला गेला त्या आठवड्यात मी व्हिडिओवाल्याला पुन्हा विनंती पाठवली. दोन्हींची मिळून वाहतूक दाखवली, आणि ती खरी होती. उत्तर पुन्हा बिनसहीचंच आलं. फक्त या वेळी होकार होता. ती जोडणी हिरवी झाली तेव्हा मी टेबलावर हात आपटला नाही. आधी वडवणीत व्हिडिओ चालतोय का ते घरात जाऊन बघितलं.

मग करार संपायचा दिवस. शेठ रात्रीपर्यंत थांबेल असं मी धरलं होतं. त्यानं भर दुपारी लाइन तोडली, बाजाराच्या दिवशी, जेव्हा गावातल्या सगळ्या दुकानांत माझ्या वायफायवर मोबाइलनं पैसे घेतात आणि बंद पडलं तर सगळ्यांना दिसतं. माझ्या राउटरवर त्याची जोडणी तांबडी झाली. मी बायकोकडे बघितलं, ती फोनकडे बघत होती. फोन वाजला नाही. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याच्या गाड्यावर पैसे आल्याचा आवाज बोलला, मग किराणा दुकानातून, मग परत भाजीवाल्याकडून. अप्पांचा फोन आला, "तलवाडं चालू हाय. तुझं?" मी म्हणालो, "चालू हाय."

थोड्या वेळानं शेठचा फोन आला. साधा नाही, इंटरनेटवरून केलेला. मी दुकानाच्या वायफायवर होतो. मोबाइलचं नेट बंद.

"काय रे, काय परिस्थिती?" त्याच्या आवाजात हसू होतं. "सही करायला येतो का? दार अजून उघडं हाय."

"शेठ, माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

"येतोय की."

"स्वच्छ येतोय?"

"स्वच्छ येतोय. कावून?"

"तुमची लाइन तुटून अर्धा तास झाला. हा आवाज माझ्या वायरीवरून येतोय."

मागं त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. मी आणखी बोलणार होतो. हेल्मेटमधली सगळी उत्तरं तोंडावर आली होती. पण बायको समोर उभी होती आणि अप्पांना प्रवेश दिलेलं ते पोर्टल समोर उघडं होतं. मी एवढंच म्हणालो, "तुमचं नेटवर्क बी त्याच एक्सचेंजवर हाय. माझ्याशी जोडायचं असलं तर पोर्टलवर विनंती पाठवा. सगळ्यांना जी रीत, तीच तुम्हाला."

त्यानं फोन ठेवला. विनंती अजून आलेली नाही. आली तर मी हो म्हणेन की नाही, ते मला आज विचारू नका. अप्पा म्हणतात, म्हण. बीडचा माल विकतच्या लाइनवरून कशाला आणावा. त्यांचं बरोबर आहे. पण बटण दाबणारा हात माझा आहे, आणि त्या दिवशीच्या पोह्यांचा वास अजून त्याला येतो.